सात किलोची सॅक

या सॅकची चेन उघडली की अजून कांद्याचा वास येतो. चार दिवस एकटीनं जपानला, ओसाकाला जायचं स्वस्तातलं तिकीट मी काढलं होतं. विमानात सोबत फक्त सात किलो सामान चालणार होतं. तिकीट काढल्यापासून वडील माझ्याशी बोलत नव्हते. मी नुसती सॅक भरत होते, उपसत होते, पुन्हा भरत होते. निघायच्या सकाळी कांदाचाळीतून वडिलांची हाक आली, “आण ती इकडं.” विंचूरच्या बाजारात न्यायच्या कांद्याच्या गोण्या सारून त्यांनी सॅक काट्यावर ठेवली. “अर्धा किलो जास्त हाय. टॉवेल काढ. विमानतळावरच्या काट्याचा काय भरवसा? घरून मोजून गेलेलं बरं.” जा, असं ते शेवटपर्यंत म्हणाले नाहीत. पण आमच्या घरी जे पाठवायचं ठरतं, तेच काट्यावर चढतं.