जगन्नाथभाऊंचा तळहात

जगन्नाथ खोडे यांचा उजवा तळहात स्वानंदीनं पहिल्यांदा नीट पाहिला, तेव्हा तो गाडीच्या स्टिअरिंगवर होता. ते तिला अमेरिकेतल्या पिस्कॅटवेत गाडी शिकवत होते. अंगठ्याखालची चामडी पिवळट, जाड, घासलेल्या तांब्यासारखी चकचकीत. ती बघतेय हे त्यांच्या लक्षात आलं.

"तंबाखू," ते म्हणाले. "मळून मळून. आता आरसा झालाय, पाहा."

जगन्नाथभाऊ मूळचे वर्ध्याजवळच्या आर्वीचे. वडिलांच्या हाताला कंप होता, म्हणून त्यांचा तंबाखू मळायचं काम नवव्या वर्षापासून यांच्याकडे. सोळाव्या वर्षी चिमूटभर स्वतःच्या ओठाखाली गेला. अमेरिकेत आले तर थुंकायला जागा नाही. मग सिगारेट आली. वय अडतीस, काम सॉफ्टवेअर तपासायचं. दुसऱ्याच्या कामातली चूक पकडणं हाच धंदा, आणि त्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. आपल्या अपार्टमेंटमध्ये नवं मराठी बिऱ्हाड आलं की गादी, राइस कुकर आणि इस्त्री घेऊन पहिले हजर होणार तेच. स्वानंदी पुण्याहून साहित्यात एम. ए. करून, लग्न होऊन इथे आली, तेव्हा तिच्या आणि अंकुरच्या रिकाम्या घरातलं पहिलं सामान भाऊंनीच खांद्यावरून आणलं होतं. तिला सख्खा भाऊ नाही. त्या राखीपौर्णिमेला तिनं त्यांना राखी बांधली. लाल रेशमी गोंड्याची, मध्ये जाड स्पंज असलेली.

त्यांची बायको रत्ना आणि चार वर्षांची शिवांगी वर्ध्याला होत्या. शिवांगीला दमा. धुराचा वास आला तरी तिची छाती वाजायची. रत्नानं वर्षभर येणं लांबवलं होतं. "तुमची सिगारेट सुटेल त्या दिवशी आम्ही विमानात बसू," एवढंच तिचं म्हणणं.

२००८च्या उन्हाळ्यात भाऊंना मॉलमध्ये बॅटरीवर चालणारी सिगारेट मिळाली. आग नाही, राख नाही, नुसती वाफ. खरी सिगारेट त्यांनी जुलैत सोडली आणि रत्नाला फोन केला. तिनं सप्टेंबरची तिकिटं काढली. पण त्या वाफेच्या नळ्या लवकर संपायच्या आणि नव्या यायला आठवडे लागायचे. भाऊंनी इंटरनेटवरून निकोटिनचं तीव्र द्रावण मागवलं. घरी पातळ करायचं, हवा तो वास घालायचा, आपणच भरायचं.

ती बाटली उघडली गेली शुक्रवारी दुपारी. दुसऱ्या दिवशी पहाटे रत्ना आणि शिवांगी नेवार्कला उतरणार होत्या. भाऊंनी रजा घेतली होती. स्वानंदी रत्नाचं स्वयंपाकघर लावायला आली होती. ती डबे पुसून त्यांवर चिकटपट्टीनं नावं लावत होती. तूरडाळ, रवा, साबुदाणा. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला भाऊंनी पसारा मांडला. तपकिरी बाटली, स्टीलची वाटी, खोकल्याच्या औषधाची मापाची टोपी, वेलचीचा अर्क.

"भाऊ, हातमोजे घाला. सिंकवर आहेत पिवळे."

"तुम्ही पुणेकर पोहेसुद्धा हातमोजे घालून खाता."

"हसू नका. बाटलीवर कवटी छापलीय."

"दहा टक्के लिहिलंय खाली. म्हणजे नव्वद टक्के काहीच नाही." त्यांनी तळहात पुढे केला. "हा हात पाहा. तीस वर्षं मळतोय. याला निकोटिन काय करणार? ओळखीचं आहे ते."

"आणि शिवांगी? वेलचीचा वास आला तर ती बासुंदी समजून पिईल."

"फ्रिजच्या वर ठेवतो. पार मागे," ते म्हणाले आणि बाटली उचलली. कोपर वाटीला लागलं. वाटी सावरायला गेले आणि हातातली बाटली आडवी झाली. पाण्यासारखं पातळ द्रावण तळहातावरून मनगटावर, मनगटावरून जीन पँटच्या मांडीवर वाहिलं.

"सांडलं," ते म्हणाले. तेल सांडल्यावर म्हणतात तसं. एका फडक्यानं त्यांनी हात पुसला, टेबल पुसलं, जीनवर दोनदा फडकं मारलं आणि ते सिंकमध्ये टाकलं. हात नळाखाली धरला, न धरला. बाटलीचं झाकण लावून ते तांदळाची पिशवी डब्यात ओतायला लागले.

स्वानंदीनं घड्याळ पाहिलं नव्हतं. नंतर सगळ्यांनी विचारलं, किती वेळ गेला? पाच डब्यांना नावं लागली होती, एवढंच तिला सांगता आलं.

तांदूळ डब्याबाहेर पडायला लागले. तिनं मान वर केली. भाऊंचा चेहरा मेणासारखा झाला होता. कपाळावर घाम. तोंडात लाळ भरलेली, ती ते सारखी गिळत होते.

"भाऊ?"

"काही नाही बाप्पा. पहिल्यांदा खाल्ला होता तंबाखू, तेव्हा असंच झालं होतं." ते खुर्चीवर बसले आणि बसल्या बसल्या उलटी झाली.

"मी अ‍ॅम्ब्युलन्स बोलावते."

"नको." त्यांनी तिचा हात धरायला हात पुढे केला. तो थरथरत होता, वडिलांचा थरथरायचा तसा. "रत्ना एअरपोर्टवर बसून आहे. तिला कळलं तर ती विमानात बसणार नाही. एक तास थांब. तेवढं विमान उडू दे."

त्या हाताला स्वानंदीनं हात लावला नाही. फ्रिजच्या दारावर एक चुंबक होतं, विषबाधेच्या हेल्पलाइनचं. अपार्टमेंटच्या ऑफिसनं सगळ्यांना दिलेलं. तिच्या फ्रिजवरही होतं. त्याखाली ती वाणसामानाची यादी लावायची. तिनं घरचा कॉर्डलेस फोन उचलून तो नंबर फिरवला.

पलीकडच्या बाईंचा आवाज शांत होता. काय सांडलं? किती टक्के? कुठे सांडलं? किती वेळ झाला? स्वानंदी बाटलीवरचं वाचत गेली.

"अ‍ॅम्ब्युलन्स मी इथूनच पाठवते," बाई म्हणाल्या. "तुम्ही फोन ठेवू नका. हातमोजे आहेत? घाला. त्यांचे कपडे आत्ता उतरवायला हवेत. भिजलेलं कापड अंगावर आहे तोवर विष आत जातंय. मग साबण आणि पाणी. भरपूर पाणी."

तिचा हात सिंकमधल्या फडक्याकडे चालला होता. बाजूला सारून हातमोजे घ्यावेत म्हणून. ती थांबली. फडकंही भिजलेलं होतं. तिनं फडक्याला न लागता मोजे ओढून घेतले, घातले.

बाथरूमपर्यंत भाऊ भिंतीला धरून चालले. टबमध्ये बसले. तिनं शॉवर सोडला.

"भाऊ, जीन काढा."

"तू बाहेर जा."

ती बाहेर गेली. दाराआड उभी राहिली. बक्कल वाजलं, पुन्हा वाजलं. मग नुसतं पाणी.

"भाऊ, निघाली का?"

"बोटं ऐकून नाही राहिली," आतून आवाज आला. "स्वानंदी, अंकुरला बोलाव."

अंकुर ऑफिसात होता, चाळीस मिनिटांवर. ती स्वयंपाकघरातून कोथिंबीर कापायची कात्री घेऊन आली.

"नको," ते म्हणाले. डोळे मिटलेले. "लाज वाटते."

"राखी बांधून घेताना नाही वाटली."

ते हसल्यासारखे झाले, मग पुन्हा ओकारी आली. तिनं घोट्यापासून जीन कापायला सुरुवात केली. भिजलेलं जाड कापड, बोथट कात्री. फोन खांद्यात धरलेला. मांडीवरची कातडी लाल झाली होती. तिनं साबण लावला, पाणी सोडलं, पुन्हा साबण लावला. तळहात धुतला. अंगठ्याखालची ती चकचकीत चामडी पाण्यात मऊ लागत होती. इतर कुठल्याही चामडीसारखी.

"श्वास कसा आहे?" बाईंनी विचारलं.

"हळू. मघापेक्षा हळू."

"कापड सगळं निघालं? हातावर काही आहे का? घड्याळाचा पट्टा? बँडेज?"

स्वानंदीनं पाहिलं. मनगटावर राखी होती. महिना होऊन गेला तरी त्यांनी काढली नव्हती. गोंड्याचा रंग उतरला होता, स्पंज टम्म फुगला होता. तिनं तो चिमटीत दाबला. त्यातून वेलचीचा वास नसलेलं, कसलाच वास नसलेलं पाणी निथळलं, बाटलीतल्यासारखंच.

राखी कापायची नसते. आपोआप सुटू द्यायची, नाहीतर सोडून झाडाच्या बुंध्याशी ठेवायची. आईनं शिकवलेलं. तिनं कात्री घातली. दोरा पहिल्या फटक्यात तुटला नाही. दुसऱ्यात तुटला.

तेव्हाच टेबलावर भाऊंचा मोबाइल वाजला.

"रत्ना," भाऊ म्हणाले. डोळे उघडले नाहीत. "घे. नाहीतर ती वाजवतच राहील."

स्वानंदीनं घरचा फोन बेसिनच्या कडेवर ठेवला, मोजे काढले, हात धुतले, धावत जाऊन मोबाइल उचलला आणि तशीच परत दारात येऊन भाऊंवर नजर ठेवून उभी राहिली.

"अगं, तू? ते कुठे आहेत?" मागे विमानतळावरच्या घोषणा.

"भाऊ आंघोळ करताहेत."

"या वेळेला?" रत्ना हसली. "आम्ही येणार म्हणून काय? सिगारेट तर नाही ना ओढत?"

"नाही."

"खरं सांग."

"खरंच नाही, रत्नाताई. दोन महिन्यांत एक नाही."

"सांग त्यांना, बसतोय आम्ही. शिवांगीनं त्यांच्यासाठी खिशात बोर आणलंय. काढू देत नाही कोणाला."

सायरन ऐकू आला तसा स्वानंदीनं फोन बंद केला. भाऊंची मान टबच्या कडेला टेकली होती. छाती वर यायची, मग इतका वेळ यायचीच नाही की तिनं मोजायला सुरुवात केली. चारपर्यंत आली की वर यायची. एकदा सहापर्यंत गेली.

अ‍ॅम्ब्युलन्सवाल्यांनी त्यांना उचललं. एकानं बाटली, फडकं आणि जीन वेगवेगळ्या पिशव्यांत भरून तोंडं बांधली. राखी राहिली होती, ती स्वानंदीनं दाखवली. तीही पिशवीत गेली.

संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, श्वास सुधारतोय, रात्रभर इथेच ठेवू. आणखी अर्धा तास ते कपडे अंगावर असते तर काय, हे अंकुरनं विचारलं. डॉक्टर पुढच्या पेशंटकडे वळले.

पहाटे नेवार्कला रत्ना ट्रॉली ढकलत बाहेर आली. तिची नजर स्वानंदी आणि अंकुरच्या मागे कुणाला तरी शोधत होती. स्वानंदी पुढे झाली. वाटेत तिनं वाक्य चार वेळा जुळवलं होतं.

"ते बरे आहेत. आधी हे ऐका, रत्नाताई. मग बाकीचं सांगते."

रत्नानं सगळं ऐकून घेतलं. हॉस्पिटलच्या वाटेवर ती एकदाच म्हणाली, "म्हणजे आंघोळ खरी होती."

भाऊ उशीला टेकून बसले होते. हाताला सलाईन. रत्ना दारातच थांबली. "सिगारेट सोडायला सांगितलं होतं," ती म्हणाली, "जीव द्यायला नाही." आणि तिनं तोंडावर पदर धरला.

शिवांगी मात्र सरळ पलंगापाशी गेली. खिशातून सुकलेलं बोर काढून तिनं वर धरलं. "हातावर घ्या, बाबा."

भाऊंचा उजवा हात चादरीखाली होता. त्यांनी तो बाहेर काढला, उघडला, पुन्हा मिटला. तीस वर्षांत पहिल्यांदा त्यांना त्या तळहाताचा भरवसा वाटत नव्हता. त्यांनी स्वानंदीकडे पाहिलं.

"धुतलाय, भाऊ," ती म्हणाली. "मी धुतलाय."

त्यांनी हात पुढे केला.