तेविसावं कबुतर

आमच्या गेंट शहरात लोकांना स्वतःच्या आज्याचं नाव आठवणार नाही, पण कबुतराच्या सात पिढ्या पाठ. शेजारचे ओडिलॉनकाका त्यातले अट्टल. आयुष्यभर ट्राम चालवली, ध्यान सगळं छपरावरच्या खुराड्यात. बायको गेली तेव्हा रडले. शर्यतीतला नर परतला नाही तेव्हा दोन दिवस जेवले नाहीत.

जर्मन आले आणि पुढे, कबुतरं चोरटे निरोप नेतील म्हणून, ती मारून त्यांच्या पायातले वाळे जमा करायचं फर्मान निघालं. काकांनी बावीस वाळे दिले. तेविसावा निळा, मुलाच्या हातचे दाणे खाऊन वाढलेला, माळ्यावर पेटीत लपवला.

तो मुलगा, विल्फ्रीड, तोवर जर्मनांच्या पहारेकऱ्यांत भरती झाला होता. काकांनी त्याला दारातूनच हाकललं. सगळ्या गल्लीने त्यांची पाठ थोपटली. माझ्या भावाला, एमीलला, पकडून नेलं तेव्हा विल्फ्रीड गल्लीच्या तोंडाशी बंदूक घेऊन उभा होता. ते मी विसरलेली नाही.

मग घरांची झडती झाली आणि काकांच्या माळ्यावर नेमका विल्फ्रीड चढला. त्याने पेटीचं झाकण उघडलं, लावलं, आणि खाली येऊन साहेबाला सांगितलं, वर काही नाही. काकांनी मला हे दहा वेळा तरी ऐकवलं असेल. मी दहाही वेळा विषय बदलला.

सप्टेंबरात इंग्रजांचे रणगाडे आले. गल्लीत झेंडे, बिअर, नाच. विल्फ्रीडसारख्यांना हुडकायला पोरांच्या टोळ्याही निघाल्या. काका खाली आलेच नाहीत. त्यांनी छपरावरून निळ्याला सोडलं आणि कबुतरांना घरी बोलावायचा, इतकी वर्षं मुका पडलेला मटारचा डबा खुळखुळवला. निळा दोन घिरट्या घालून मुकाट खुराड्यात शिरला.

डबा वाजतच राहिला.

मी खिडकीतून म्हटलं, "काका, आला की तुमचा निळा. आता कुणाला बोलावताय?"

त्यांचा हात थांबला नाही.

"सेलीन, मागचं फाटक लावलंयस तू."

आमच्या दोन्ही परसांना ते एकच फाटक. विल्फ्रीड येणार तर तिथूनच. कडी मी सकाळीच घातली होती, मुद्दाम. मला भयंकर राग आला. एमीलची टोपी अजून माझ्या खुंटीवर होती. तरातरा खाली गेले, फाटकाला डोकं टेकून रडले आणि कडी काढली. मग वर येऊन खिडकी लावून घेतली.