काळ्या दिसायला हव्या होत्या त्या पेशी

पुण्याच्या एका प्रयोगशाळेत मी पीएचडी करत होते. पेशीच्या आत एका पडद्यापासून दुसऱ्या पडद्यापर्यंत स्निग्ध कण वाहून नेणारं एक प्रथिन असतं. ते नेमकं कुठं वावरतं, हे मी शोधत होते. त्यासाठीची अँटीबॉडी बाहेरून विकत आणलेली होती. बोटाच्या पेराएवढी कुपी आणि तळाला थेंबभर द्रव. तो द्रव त्या प्रथिनाला जाऊन चिकटायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली तेवढी जागा हिरवी चमकायची.

कुपीवर लिहिलं होतं, 'मेंढीपासून'. गावी, बोरीला घरी गेले तेव्हा वडिलांना, आबांना, हे मुद्दाम सांगितलं. आमची थोडी मेंढरं अजून आहेत. नारायणगावच्या बाजूला एका कांदा काढलेल्या रानात ती चरत होती.

"मंजी मेंढीला रोग लावला व्हय?"

"रोग नाही, आबा. त्या प्रथिनाचा बारीक तुकडा टोचतात. तो परका वाटतो, मग तिच्या रक्तात त्याला ओळखून धरणारी अँटीबॉडी तयार होते."

"अन् ती वळखायला चुकत न्हाई?"

"चुकते कधीकधी. तपासून घ्यावी लागते."

"मग तू तपासली का?"

मी तपासली नव्हती. माझ्या आधीपासून प्रयोगशाळेतली एक ताई तीच अँटीबॉडी वापरत होती. तिनंच मला पेशी वाढवायला शिकवलं होतं. रोज आम्ही एकाच डब्यातलं खायचो. तिच्यावर विश्वास ठेवून मी कुपी हातात घेतली होती.

पुण्यात परतल्यावर, ते प्रथिन बनवणारं जनुकच कापून टाकलेल्या पेशी मिळवल्या. त्यांच्यात प्रथिन नाही, म्हणजे त्या काळ्या दिसायला हव्या होत्या. त्या हिरव्यागार चमकल्या.

माझ्या मार्गदर्शक सरांच्या आधी मी ताईला सांगितलं. "तुझ्या हातून काहीतरी गडबड झाली असेल," ती म्हणाली. मी पुन्हा केलं, पेशी पुन्हा हिरव्याच. तिसऱ्यांदा ती स्वतः शेजारी बसली. बराच वेळ तिनं सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढला नाही.

"सरांना कधी सांगणार?"

"उद्या."

"सांग," म्हणून ती उठली. तिचा अख्खा प्रबंध त्या हिरव्या ठिपक्यांवर उभा होता.

सरांनी त्या कामावरचा छापायला निघालेला लेख थांबवला. मला कुणी एका शब्दानं बोललं नाही. तसं माझ्याशीच फारसं कुणी बोलेनासं झालं. दुपारी मी डबा घेऊन मागच्या जिन्यावर बसायची. एकदा तिथूनच आबांना फोन केला.

"निघाली का चूक?"

"निघाली."

"लई बरं झालं की मग." मग त्यांनी विचारलं, "जेवलीस का?"

"जेवले," मी म्हणाले. डबा न उघडलेलाच मांडीवर होता.

ताईनं सगळं काम दुसऱ्या पद्धतीनं नव्यानं केलं. वर्ष गेलं त्यात. तिची तोंडी परीक्षा झाली, त्या दिवशी मी शेवटच्या रांगेत होते. प्रबंध पहिल्यापेक्षा पक्का झाला होता, परीक्षकही तसं म्हणाले. शेवटी तिनं एकेकाचं नाव घेऊन आभार मानले, अगदी भांडी धुणाऱ्या मावशींचेही. माझं नाव आलं नाही. सगळ्यांबरोबर मी टाळ्या वाजवल्या आणि पेढे वाटायच्या आत खाली आले. माझ्या पेशींचं पोषक पाणी बदलायचं राहिलं होतं.