मिटलेला शिंपला

बाई दगड चाटायच्या. वर्गात, सहलीत, तपासणी समितीसमोर, कुठंही. दगड हातात आला की तो उलटसुलट बघायचा, पदराला पुसायचा आणि जिभेचं टोक लावायचं. ओल्या दगडावरच्या रेषा स्पष्ट दिसतात, एवढंच त्यामागचं कारण. एकदा समितीतल्या एका साहेबांनी तोंड वाकडं केलं, तर बाईंनी त्यांच्यापुढेही एक दगड धरला. "चव बघितल्याशिवाय नाव सांगू नका," म्हणाल्या. साहेबांनी घाईघाईनं चहा मागवला.

त्या भूशास्त्र शिकवायच्या, मी वनस्पतिशास्त्र. आमच्या प्रयोगशाळांमध्ये एक लाकडी पार्टिशन होतं, त्यामुळे एकमेकांचं सगळं ऐकू यायचं. त्यांचे वडील दौलताबादच्या रस्त्यावर खडी फोडायचे. "बापानं फोडले, मी जपते. घरातल्या घरात फिट्टंफाट," असं त्या हसून सांगायच्या.

हे मी रागानं लिहितोय. जरा शांत झाल्यावर लिहा, असं बायको म्हणाली. शांत व्हायची काही लक्षणं दिसत नाहीत.

बाईंचा जीव होता एका शिंपल्यात. आंब्याच्या कोयीएवढा, दगड झालेला. अजिंठ्याकडं एका शेतात विहीर खोदली होती, तिच्या बाहेर टाकलेल्या ढिगात तो त्यांना सापडला. आपल्याकडं लाव्हाचे थर एकावर एक बसले. त्या दोन थरांच्या मधल्या काळात तिथं तळं साचलं असणार, त्या तळ्यातला तो प्राणी. ही जात आता जगात कुठंच उरलेली नाही. पूर्वी कुणाला सापडली तीही सुट्ट्या शिंपांच्या रूपात. बाईंचा शिंपला मात्र दोन्ही शिंपा घट्ट मिटलेला होता.

"मेल्यावर शिंपला आपोआप उघडतो," त्या सांगायच्या. "मिटून राहायला जोर लागतो, जिवंतपणी लागतो. हा मिटलेला आहे म्हणजे जिवंत असतानाच गाडला गेला." आत त्या मऊ जिवाचा काही ठसा उरला असेल का, हे त्यांना बघायचं होतं, आणि तेही न फोडता. पुण्याच्या एका प्रयोगशाळेत तसं यंत्र होतं. तिथं त्यांनी नंबर लावला होता. तोवर शिंपला पेढ्यांच्या खोक्यात, कापसात. कुणी नखानं फट चाचपायला लागलं की हातावर चापट बसायची. "मिटलंय ना? मिटलेलंच राहू द्या."

मग आमच्या प्राचार्यांना एक कल्पना सुचली. भूशास्त्राला मुलं येईनात, विभाग बंद होणार हे ठरलेलं होतं. संग्रहालयाची कपाटं भरलेली, आणि समारंभ तर दर महिन्याला. पाहुण्यांना शाल, श्रीफळ यांच्यासोबत कोट्यवधी वर्षांपूर्वीचं स्मृतिचिन्ह द्यायचं. कच्छहून जुन्या प्राध्यापकांनी पाठीवर वाहून आणलेले शिंपले सागवानी चौकटीत बसले, खाली पितळी पट्टी. एका पाहुण्यांच्या दिवाणखान्यात मी तसला एक पाहिला. त्याच्या खाचेत उदबत्ती खोचली होती. बाई भांडल्या. प्राचार्य म्हणाले, मॅडम, आपल्या जिल्ह्यात दगडांचा काय तोटा आहे?

निवृत्तीच्या आठवड्यात बाईंना कपाटांच्या किल्ल्या द्याव्या लागल्या. पेढ्यांचं खोकं घरी न्या, असं मी त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, वस्तू कॉलेजची आहे, मी चोर नाय. प्राचार्यांना त्यांनी खोकं उघडून दाखवलं, पुण्याचं समजावलं. प्राचार्यांनी मान डोलावली. त्या डोलावलेल्या मानेचा मला आजही संताप येतो.

निरोप समारंभाला एक पुढारी पाहुणे होते. शाल झाली, श्रीफळ झालं. मग प्राचार्य माइकवर म्हणाले की आज एक आगळी भेट आहे, एकाच शिंपल्याची दोन अर्धुकं, एक पाहुण्यांना आणि एक आपल्या मॅडमना, ऋणानुबंधाची खूण म्हणून. टाळ्या पडल्या. तुम्हीही तिथं असता तर वाजवल्या असत्या, कारण पॉलिश सुरेख चमकत होतं.

बाईंनी आपली चौकट हातात घेतली आणि शिंपल्याला जीभ लावली. सभागृह हसलं.

"वार्निश," त्या माइकवर म्हणाल्या.

मग पाहुण्यांसमोर जाऊन हात पुढं केला. "द्या." पुढाऱ्यानं निमूट दिलं. स्टेजवरच त्यांनी दोन्ही अर्धुकं चौकटीतून उपटली आणि जोडून बघितली. ती जुळली नाहीत. दगड कापायच्या पात्याच्या जाडीएवढा मधला भाग गेला होता.

"मधलं कुठंय?" त्यांनी प्राचार्यांना विचारलं. प्राचार्य राष्ट्रगीत सुरू करा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना स्कूटरवर घेऊन शिंपला कापणाऱ्या कारागिराकडं गेलो. तो स्वयंपाकघराचे ओटे कापून द्यायचा. बिचारा घाबरला. "मॅडम, सर ने बोले बराबर बीच में से काटो. मैं दो बार पूछा." कापताना पडलेला चुरा कुठं आहे, असं बाईंनी विचारलं. त्यानं गटाराकडं बोट दाखवलं. बाई त्याच्यावर रागावल्या नाहीत. बराच वेळ त्या गटारापाशी उभ्या होत्या.

पुढं पुण्याहून फोन आला तेव्हा मी त्यांच्याच घरी होतो. नंबर आला होता, नमुना घेऊन या म्हणत होते. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. बाई म्हणाल्या, "उघडलाय. तुम्ही पुढच्याला बोलवा." मग त्यांनी मला चहा केला, त्यात साखर घालायची राहिली.

बाई यंदा गेल्या. जाण्याआधी दोन्ही अर्धुकं ठेवलेलं ते पेढ्यांचं खोकं त्यांनी माझ्याकडं सोपवलं होतं. शोकसभेत प्राचार्य छान बोलले. नंतर मला बाजूला घेऊन म्हणाले की ती अर्धुकं तुमच्याकडं आहेत असं कळलं, बाईंच्या फोटोखाली ठेवायला बरी दिसतील. मी त्यांना जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही, आणि त्याबद्दल मी माफीही मागणार नाही.

खोकं माझ्या टेबलावर आहे. परवा झाकण उघडून मी एक अर्धुक जिभेला लावलं. अजून वार्निशच लागतं.