अर्ध्यावरचं निशाण

चिंचवड स्टेशनावर उतरलो तेव्हा माझा आरमारी गणवेश अजून पांढराशुभ्र होता. मुद्दाम घातला होता, कारण मी दुसऱ्याच्या कामाला आलो होतो. जहाजावर संदेशाची निशाणं चढवणारे आम्ही दोघे, मी आणि दत्तू. त्याच्या नोकरीची मुदत संपत आली होती. पुन्हा सही करायची त्याची फार इच्छा, पण एकुलता एक मुलगा. वडिलांच्या, म्हणजे तात्यांच्या, होकाराशिवाय सही करणार नाही म्हणून हटून बसला. रजा मिळाली मला, त्याला नाही.

टांगेवाल्याने पिंपरीच्या माळावरचा औषधांचा नवा कारखाना चाबकाने दाखवला, अगदी स्वतः बांधल्यासारखा. पुढे चाकणच्या एस.टी.त कंडक्टरने माझ्या घोळदार पाटलोणीकडे पाहून विचारलं, "कुणाच्या लग्नाला वाजवायला निघाला, राव?"

"मी बँडवाला नाही. आरमारात आहे," मी म्हणालो. अख्खी गाडी वळून बघू लागली, तेव्हा कुठे बरं वाटलं.

मोशीच्या अलीकडे उतरून इंद्रायणीच्या काठाने चालत गेलो. दत्तूचं गाव पलीकडे. होडीतून उतरताना पाय घसरला आणि गुडघ्यापर्यंत चिखल झाला. तात्यांनी मला पाहिलं ते असं.

जेवायला बाजरीची भाकरी, पिठलं आणि बुक्कीने फोडलेला चाकणचा कांदा. आम्ही कोकणातले भातखाऊ, तरी मी तीन भाकऱ्या हाणल्या. मग दत्तूचं म्हणणं सांगितलं.

"कापडं वर-खाली करायला पगार देत्यात व्हय?" तात्यांनी विचारलं.

मला राग आला. पाहुणा नसतो तर भांडलो असतो. "तात्या, समोरच्या जहाजाचा संदेश दिसला की आम्ही उत्तराचं निशाण अर्ध्यावर चढवतो. म्हणजे, दिसलं. पुरता समजला की पार टोकाला नेतो. दिसलं आणि समजलं यांत गल्लत झाली तर जहाजावर जहाज आदळेल. तुमचा दत्तू त्यात एकदाही चुकलेला नाही."

"मंजी, मला आत्ता निसतं दिसलंय," तात्या म्हणाले आणि हात धुवायला उठले.

सकाळी मी जागा झालो तोवर ते शेतावर गेले होते. होकार नाही, नकार नाही. दत्तूच्या आईने भाकरी बांधून दिली. "त्ये आसंच. मनात काय हाय, मलाबी कळत न्हाई," ती म्हणाली. मी हिरमुसला होऊन होडीत बसलो. दत्तूला काय तोंड दाखवू, हाच घोर होता.

अलीकडच्या काठावर चढून मागे पाहिलं. बाजरीतल्या माळ्यावर (राखणीच्या मचाणावर) तात्या बोडक्या डोक्याने उभे होते. शेजारी एक उंच बांबू रोवलेला, त्याला वरून दोर ओवलेला, आणि बरोबर मध्यावर त्यांचा तांबडा पटका. एवढ्यासाठी हा माणूस पहाटे निघून गेला होता.

मी टोपी काढून उभा राहिलो. पटका हलेना. तात्याही हलेनात. रस्त्यावर एस.टी. येऊन गेली, मी जाऊ दिली.

मग तात्यांनी दोर ओढला. पटका अडखळत वर सरकला आणि पार टोकाला जाऊन फडफडला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू. परदेशी बंदरांत मोठमोठ्या जहाजांची निशाणं पाहिली, पण कुठल्याही निशाणाला मी एवढ्या मनापासून सलाम केलेला नाही.

जहाजावर पोचलो तर दत्तू दोरांपाशीच होता. मी उत्तराचं निशाण काढलं, दोराला लावलं आणि अर्ध्यावर नेऊन थांबलो. "हे तात्यांचं," मी म्हणालो. त्याचा चेहरा पडला. मग मी दोर त्याच्या हातात दिला. "आता वर ने. त्यांनी नेलं."

त्याने एका दमात टोकाला नेलं.

खालून साहेबांनी विचारलं, "समोर एकही जहाज नाही. उत्तर कुणाला देताय?"

"घरी, साहेब," दत्तू म्हणाला.

साहेबांनी वर पाहिलं. निशाण उतरवायला काही सांगितलं नाही.