दारासमोरच्या महालक्ष्म्या

सत्यवतीच्या अकोल्याच्या घरी पाहुणा आला की आधी दाराकडे पाहायचा. ज्या दारातून आत आला त्या दाराकडे नाही, बैठकीच्या भिंतीत बसवलेल्या दुसऱ्या दाराकडे. सागवानी, पितळेच्या फुल्या ठोकलेलं, माथ्यावर गणपती कोरलेलं. सासरचं बाळापूरचं घर विकलं तेव्हा ते चौकटीसकट काढून आणलं होतं. दाराच्या पलीकडे मधली खोली होती, पण हे दार कोणी उघडत नसे. कडी घालून त्याच्यासमोर सोफा लावलेला. खोलीत जायचं ते स्वयंपाकघरातून, साध्या फ्लशच्या दारानं.

दाराबरोबर बाकीचंही आलं. लोखंडी पट्ट्यांची संदूक, जातं, घंगाळ, धान्याच्या कोठ्या आणि घराण्याच्या महालक्ष्म्या, म्हणजे भाद्रपदातल्या गौरींचे मुखवटे. धाकटा दीर किशोर अमरावतीला फ्लॅटमध्ये राहायचा. त्याचं म्हणणं, "वयनी, आमच्या लिफ्टमंदी संदूक मावत नाही, नाहीतर मीच नेली असती." ती मावत नाही हे त्यानं कधी मोजून पाहिलं होतं, देव जाणे. पण जुन्या वस्तूंचा त्याला फार सोस. दर फेरीत नवं काही सुचवायचा. जात्यावर काच टाका, टीपॉय होतो. संदुकीवर गादी टाका, दिवाण होतो. "जुनं-नवं मिक्स केलं की काय लुक येते पाहा!" मग फोटो काढायचा, नातलगांच्या ग्रुपवर टाकायचा आणि संध्याकाळच्या गाडीनं आपल्या पांढऱ्याशुभ्र, मोकळ्या फ्लॅटात परत जायचा.

वस्तू पुसायच्या, वाळवीपासून राखायच्या, चिंचेनं घासायच्या त्या सत्यवतीनं. आणि त्यांवर पहारा सासूबाईंचा. दुर्गाबाईंनी सामान टेम्पोतून उतरतानाच सांगून ठेवलं होतं, "एकही खिळा ठोकाचा नाही, एकही पट्टी कापाची नाही. हाय तसं राहीन." ते तसंच राहिलं. सत्यवतीचे केस पांढरे झाले, संदूक मात्र तसूभरही सरकली नाही. नवरा केशवराव कृषी केंद्राच्या दुकानातून घरी आले की म्हणत, "तुमचं दोघींचं तुमी पाहा," आणि टीव्ही लावत.

मुलाचं, कुलदीपचं लग्न होऊन आचल सून म्हणून आली, तिला छकुली झाली, आणि छकुली चालायला लागली. तेव्हा कुठे सत्यवतीला कळलं की आपल्या घरात कोपरेच कोपरे आहेत. ज्या वस्तूंवरून तिचा हात वर्षानुवर्षं फिरला, त्या सगळ्या लेकराच्या कपाळाच्या उंचीवर होत्या. श्रावणात एका सकाळी संदुकीच्या पट्टीचं टोक छकुलीच्या भुवईवर लागलं. टाके पडले. दवाखान्यातून आल्यावर आचल ओरडली नाही, रडलीही नाही. कपडे घडी करता करता म्हणाली,

"आई, महालक्ष्म्या झाल्या की आम्ही अमरावतीला फ्लॅट पाहतो. यांची नोकरी तिकडेच आहे, रोजचं जाणं-येणंही वाचेल. हे घर मोठ्या माणसांचं आहे. लेकराचं नाही."

सत्यवतीच्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. सुनेचं काही चुकत नव्हतं, त्यामुळे भांडायलाही जागा नव्हती. पण छकुली गेली तर या घरात काय उरणार होतं? चार पितळी भांडी, एक कधी न उघडणारं दार आणि सासू. महालक्ष्म्यांपर्यंत घर लेकराजोगतं करायचं, तिनं ठरवलं. खिळा न ठोकता.

तिनं जुन्या लुगड्यांच्या जाड घड्या शिवल्या, त्यांना नाड्या लावल्या आणि संदुकीच्या चारही टोकांना बांधल्या. दुर्गाबाई काठी टेकत आल्या.

"हे काय वं? संदुकीले लंगोट काहून नेसवला?"

"लेकराले लागते, आत्याबाई."

"आमची लेकरं काय रबराची होती?"

दुपारपर्यंत चारही घड्या सुटून दोरीवर टांगलेल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सत्यवतीनं जात्यावरची काच काढून पलंगाखाली लपवली आणि छकुलीची खेळणी घंगाळात भरली. त्यावरूनही झालंच.

"माह्या सासऱ्याच्या आंघोळीचं घंगाळ ते! त्यात हे रबराचं बदक?"

"मंग बदकही आंघोळच करून राहिलं न, आत्याबाई."

आचल तोंडाला पदर लावून हसली. दुर्गाबाईंच्याही ओठाचा कोपरा हलला, पण खेळणी बाहेर आलीच. सत्यवती पुन्हा भरायची, त्या पुन्हा काढायच्या. रात्री देवापुढे बसली की तिला वाटायचं, आपण या घरातलं माणूस नाही, आपणही बाळापूरहून चौकटीसकट आणलेली एक वस्तू आहोत. हाय तसं राहीन.

महालक्ष्म्या जवळ आल्या. या खेपेला किशोरनं फोनवर नवीन काढलं. "वयनी, मखर करूच नका. सोफा काढा अन् महालक्ष्म्या त्या दारासमोर बसवा. काय बॅकग्राउंड येईन! आम्ही पूजनाच्या दिवशी जेवाले येतोच, मी फोटो काढतो." दुर्गाबाईंनाही पटलं, त्यांच्या बाळापूरच्या दारात लक्ष्मी बसणार म्हणून. सत्यवतीलाही पटलं, मखराचे खांब नाहीत तर छकुली अडखळणार नाही म्हणून. दाराला लागून गव्हानं भरलेल्या कोठ्या उभ्या केल्या, त्यांना साड्या नेसवल्या, मुखवटे चढवले. पुढे दोघींची दोन बाळं बसवली. वर फुलोरा टांगला. आवाहनाच्या संध्याकाळी दोघी आल्या, बसल्या.

एकदा बसल्या की विसर्जनापर्यंत त्यांना हलवायचं नसतं. तिसऱ्या दिवशी अक्षता टाकून हलकेच हलवायचं, तोच त्यांचा निरोप. त्याआधी जागचं हलवणं म्हणजे माहेरी आलेल्या लेकीला जेवणाआधीच वाटे लावणं.

पूजनाच्या सकाळी घरात पुरणाचा वास होता. केशवराव आणि कुलदीप केळीची पानं आणायला बाजारात गेले होते. सत्यवतीनं मधल्या खोलीतल्या संदुकीतून मोठी परात काढली आणि घाईघाईत झाकण भिंतीला टेकवून तसंच ठेवलं. त्या झाकणाला अडकण नव्हती. दुर्गाबाईंनी कधी लावूच दिली नव्हती. छकुली आजीच्या पायात पायात होती. सत्यवती परात घेऊन बाहेर आली आणि मागे फ्लशचं दार धाडकन लागलं. त्या दाराला आतून दाबायचं बटण होतं. लेकराला बटणांचं भारी वेड. टक् असा आवाज आला.

सत्यवतीनं मूठ फिरवली. फिरली नाही.

"छकुली, दार उघड बाळा."

आतून आधी हसू आलं, मग दारावर थापा, मग रडणं. आचल कणकेच्या हातानं धावत आली. किल्ली आतल्या कपाटात. खिडकीला कूलर बसवलेला, बाहेरून काही दिसेना. आचलनं दाराला खांदा लावला तशी सत्यवतीनं तिला ओढलं.

"नको! दाराआडच हाय ते. दार तिच्यावर पडीन."

आचलनं कुलदीपला फोन लावला. गणपतीच्या गर्दीत गाडी निघेना, अर्धा तास लागेल म्हणाला. तेवढ्यात आतलं रडणं थांबलं. एक बारीक आवाज आला, लोखंडावर काही घासल्यासारखा.

"आई, संदूक..." आचल म्हणाली.

"उघडी हाय," सत्यवती म्हणाली.

ती बैठकीत आली. जुन्या दाराची कडी महालक्ष्म्यांच्या खांद्याआड चमकत होती. कडी काढली की दार आतल्या बाजूला उघडत होतं. मध्ये फक्त त्या दोघी होत्या, नैवेद्याची वाट पाहत.

दुर्गाबाई पाटावर वाती वळत होत्या. सुनेची नजर कुठे गेली ते त्यांनी पाहिलं.

"सत्यवती. हलवू नको. अजून जेवल्या नाहीत त्या."

"आत लेकरू हाय, आत्याबाई."

"कुलदीप येऊन राहिला न. तवरिक थांब. साठ वर्षांत असं झालं नाही आपल्या घरात."

सत्यवती थांबली. आयुष्यभर थांबायचीच सवय. तेवढ्यात तिची नजर महालक्ष्म्यांच्या पायाशी बसवलेल्या त्या दोन बाळांवर गेली. टोपडी घातलेली, आईच्या साडीला लागून बसलेली. ती गुडघ्यांवर बसली आणि मोठ्यानं म्हणाली, सासूला ऐकू जाईल असं:

"माय, तुमची लेकरं तुमच्याजवळ हायत. माहं दाराच्या पलीकडे हाय. मी तुमाले वाटे लावून नाही राहिली. जरा सरका फक्त."

अक्षतांना तिनं हात लावला नाही. बाळं उचलून सोफ्यावर ठेवली. "आचल, त्या बाजूनं धर." गव्हानं भरलेली कोठी दोघींनी कवेत घेतली आणि पाटासकट ओढली. फुलोऱ्यातली एक करंजी तुटून खाली पडली. मुखवटा डगमगला, सत्यवतीनं हनुवटीनं तो सावरला. दुसरी कोठी अर्धीच सरकली, तेवढी पुरली. कडी गंजलेली होती, तिनं खलबत्त्यातल्या दगडी बत्त्यानं ठोकली. इतक्या वर्षांतला त्या दारावरचा पहिला घाव. कडी निघाली. दार करकरत, हळू, आत गेलं.

छकुली संदुकीच्या काठावर पोटावर झोपल्यासारखी लोंबकळत होती, डोकं आत, पाय हवेत. झाकण भिंतीवरून निम्मं सुटलेलं. आचलनं पायांना धरून ओढलं आणि त्याच क्षणी झाकण कोसळलं. त्या आवाजानं देवघरातली घंटासुद्धा किणकिणली. छकुलीच्या मुठीत एक जुना चमचा होता. तिनं तो आजीला दाखवला.

आचल जमिनीवर बसून लेकराला छातीशी धरून हमसाहमशी रडली. सत्यवतीनं पडलेली करंजी उचलली, साडीच्या निऱ्या नीट केल्या आणि त्या कोठ्या परत दारासमोर नेल्या नाहीत. टीव्हीच्या भिंतीशी बसवल्या. टीव्हीवर धुतलेली चादर टाकली. बाळं पुन्हा पायाशी ठेवली.

कुलदीप आला, केशवराव आले, मागोमाग किशोर आणि त्याची बायको मंजुषाही आले. किशोर उंबऱ्यातच थबकला.

"वयनी, हे काय? टीव्हीपुढे? अन् दार उघडं कसं? फोटोचं..."

"भाऊजी," सत्यवती म्हणाली, "दार आवडते तुमाले, तर घेऊन जा. चौकटीसकट. लिफ्टमंदी नाही मावलं तर जिन्यानं न्या."

मंजुषानं नवऱ्याकडे पाहून तोंड दाबलं. किशोर म्हणाला, "तसं नाही वयनी, इथंच शोभते ते," आणि चपला काढायला लागला. दाराची पुन्हा गोष्ट काढली नाही.

नैवेद्य झाला. सोळा भाज्या, आंबील, पुरणपोळी. दुर्गाबाई जेवायला बसल्या, पण हवं-नको ते सगळं आचललाच सांगत राहिल्या. उघड्या दारातून छकुली आत-बाहेर, आत-बाहेर करत होती. तिला त्या घरात नवीनच वाट सापडली होती.

भांडी घासताना आचल सत्यवतीजवळ येऊन उभी राहिली. तिनं घंगाळ घासायला घेतलं.

"आई, आम्ही फ्लॅट पाहायला जाऊच. ते ठरलंय." तिनं घंगाळ पालथं केलं. "पण एक खोली जास्तीची पाहतो. तुमच्यासाठी. तुम्ही चला आमच्यासंगं."

सत्यवतीला असं काही कोणी कधी विचारलं नव्हतं. तिच्या डोळ्यांपुढे ती खोली आली. पांढऱ्या भिंती, एक पलंग, एक खिडकी, एक छोटा देव्हारा. काही पुसायचं नाही, काही राखायचं नाही. छकुली पलंगावर उड्या मारते आहे. ती हो म्हणणारच होती.

"सत्यवती!" बैठकीतून हाक आली. दुर्गाबाईंनी सगळं ऐकलं होतं. त्यांचे कान त्यांच्या पायांपेक्षा बरे होते.

ती हात पुसत गेली. सासूबाई महालक्ष्म्यांपुढे बसल्या होत्या. सुनेकडे न पाहता म्हणाल्या,

"जाशीन तर जा. मी नाही म्हणत नाही. पण उद्या या दोघींले हलवा लागते, निरोप द्या लागते. माह्यानं उचलत नाहीत त्या. आज पाह्यलं मी, तुयानं उचलतात." मग त्यांनी विचारलं, "पुढल्या वर्षी कोण उचलीन?"

मागे स्वयंपाकघरात आचल घंगाळ घासत होती. त्याचा आवाज येत होता आणि ती उत्तराची वाट पाहते आहे हे त्या आवाजातही कळत होतं. सत्यवती सासूजवळ बसली. निरांजन मंद झालं होतं. तिनं काजळी झाडली, तूप घातलं आणि वात पुढे सारली.