दोघींनी उचललेला माणूस

मावशी आमच्या वॉर्डच्या आया. गणेशपुरीच्या बाजूच्या एका गावातून एसटीने यायच्या आणि आठच्या आधी ड्युटीवर हजर असायच्या. मी स्टाफ नर्स, त्यांच्याहून वीस वर्षांनी लहान. भिवंडीतल्या त्या छोट्या खाजगी दवाखान्यात पेशंट उचलायचा म्हटलं की सगळे त्यांनाच हाक मारत. भाताचे भारे डोक्यावरून वाहिलेली बाई, तिला काय होणार, असं आम्ही धरूनच चाललो होतो.

त्या दुपारी दापोड्याच्या एका गोदामातला हमाल दाखल झाला. अंगावर मालाची थप्पी कोसळून त्याच्या कमरेचं हाड मोडलं होतं. माणूस धिप्पाड. त्याला खाटेवरून स्ट्रेचरवर घेऊन एक्स-रेला न्यायचं होतं. वॉर्डबॉय मामा रक्ताचे नमुने द्यायला बाहेर गेले होते आणि डॉक्टर दोनदा ओरडून गेले होते.

"थांब गो शिस्टर, मामाला येऊ दे," मावशी म्हणाल्या. "ह्ये दोघींचं काम न्हाय."

"होईल हो मावशी. पटकन घेऊ."

पटकन म्हणणारी मीच. नर्सिंगला असताना मी शिकले होते, असा पेशंट चौघांनी, अंगाखालच्या चादरीसकट फळीवरून सरकवायचा, उचलायचा नाही. फळी आमच्याकडे होतीसुद्धा. ऑपरेशन थिएटरच्या कपाटात, प्लॅस्टिकही न काढलेली, कुलपात. किल्ली मागून आणायला दोन मिनिटं लागली असती.

मी खांद्याखाली हात घातले, मावशींनी कमरेखाली. अर्ध्यात आलो आणि स्ट्रेचर मागे सरकलं. त्याचा ब्रेक कित्येक दिवस लागत नव्हता, हे सगळ्यांना माहीत होतं. माझे हात निसटले. माणूस मधल्या फटीत घसरू लागला आणि घाबरून त्याने मावशींच्या मानेला मिठी मारली.

"मौसी, छोड़ना मत!"

मावशींनी सोडलं नाही. पायाने स्ट्रेचर जवळ ओढलं, त्याला वर घेतलं आणि तशाच वाकून राहिल्या.

"मावशी, सरळ व्हा ना."

"व्हता येत न्हाय गो."

मणक्यातली चकती सरकून नस दाबली गेली होती. ऑपरेशन झालं, तरी डावं पाऊल लुळंच राहिलं.

मॅनेजरने मला केबिनमध्ये बोलावलं. "त्यांची घरी शेती आहे ना? पाठ आधीपासूनच दुखत असणार," म्हणाला. कागद तयार होता. ड्युटीवर असताना काही घडलेलं नाही, असा मजकूर. मी सही केली. नोकरीची भीती होतीच. पण खरं लिहायचं तर घाई कुणी केली, तेही लिहावं लागलं असतं.

त्यांच्या गावी जायला मला दोन महिने लागले. मी पोचले तेव्हा सून त्यांना बाथरूमला न्यायला उठवत होती. काखेत हात घालून तिने हिसका दिला आणि मावशी किंचाळल्या. मी पुढे झाले. मावशींना कुशीवर वळवलं, पाय खाटेवरून खाली सोडायला लावले, चादरीची घडी कमरेभोवती गुंडाळली आणि तिची टोकं सुनेच्या हातात दिली. "अगदी जवळ उभी राहा. पाठ नको वाकवू, गुडघे वाकव. आता तिघी मिळून मोजू."

तीन म्हणताच मावशी उभ्या राहिल्या. ओरडल्या नाहीत. सून म्हणाली, "एवढं सोपं हाय?"

मावशी माझ्याकडे बघत होत्या. "ह्ये तुला तवा येत व्हतं?"

"हो."

त्यांनी मान वळवली. सुनेला म्हणाल्या, "शिस्टरला चाय ठेव." मी चहा प्यायले.

दुसऱ्या दिवशी मी मॅनेजरला नवा कागद दिला. आधीची सही खोट्यावर होती, हे लिहिलं. ब्रेक, कुलूप, माझी घाई, सगळं लिहिलं. त्याने उभ्याउभ्या वाचून तो खणात टाकला. त्या आठवड्यात स्ट्रेचरचा ब्रेक दुरुस्त झाला. मावशींसाठी कोणी काही केलं नाही. तेव्हापासून दोन पावसाळे गेले, त्या लावणीला उतरलेल्या नाहीत.